यॉर्कची भुतांची फेरी: घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन कशी करायची

इंग्लंडमध्ये लीड्सला राहायला येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. पुण्याहून घरी कुणीही आलं की मी त्यांना यॉर्कला नेते आणि यॉर्कला नेलं की रात्रीची भुतांची फेरी, म्हणजे गाईडबरोबर जुन्या गल्ल्यांतून चालत भुतांच्या गोष्टी ऐकायची फेरी, करायला लावते. आई, मावशी, नणंद आणि तिची मुलं, नवऱ्याचे मामा-मामी असं करत माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. आता ओळखीपाळखीचे लोक फोन करून विचारतात, ‘आम्ही येतोय, ती फेरी कशी करायची सांग.’ दर वेळी तेच सांगताना एखादी महत्त्वाची गोष्ट राहून जाते, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. ही फेरी तीन टप्प्यांत करा. आधी घरी बसून मराठीत गोष्टी सांगा, मग रात्री फेरीला जा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागा उजेडात पुन्हा पाहा. यातला मधला टप्पा तेवढा सगळे करतात आणि ‘मजा आली’ म्हणून परत जातात. मला ते पुरेसं वाटत नाही. यॉर्कमधल्या कितीतरी भुतांमागे नाव-गाव असलेलं खरं माणूस आहे आणि ते कुठे, कसं मेलं याची नोंद आहे. त्या माणसापर्यंत पोचलात तर फेरी कायमची लक्षात राहते.

गाव समजून घ्या

यॉर्क उत्तर इंग्लंडमध्ये, ऊझ आणि फॉस या दोन नद्यांच्या संगमावर वसलं आहे. इसवी सन ७१ मध्ये रोमन सैन्याने इथे छावणी बांधली. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून घोषित केलं ते इथेच. ८६६ मध्ये व्हायकिंग आले, पुढे नॉर्मन आले. प्रत्येकाने आधीच्याच्या डोक्यावर घरं बांधली. त्यामुळे जुनं शहर आजच्या रस्त्यांच्या खाली गाडलेलं आहे. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

नावांचा घोळही आधीच सोडवून घ्या. इथे रस्त्याला ‘गेट’ म्हणतात, कारण व्हायकिंगांच्या भाषेत रस्त्याला तसाच शब्द होता. आणि वेशीला ‘बार’ म्हणतात. गुडरमगेट हा रस्ता आहे, मिकलगेट बार ही वेस आहे. मामा पहिल्या दिवशी बूदम बार म्हणजे दारूचं दुकान समजून लांबूनच वळले होते. घरांच्या मधून जाणारे बोळ तर इतके आहेत की त्यांना ‘स्निकलवे’ असं स्वतंत्र नाव पडलं आहे. कसब्यात वाढलेल्या माणसाला ते लगेच आपलेसे वाटतात. एका वाड्याच्या दिंडीतून शिरावं आणि दुसऱ्याच आळीत निघावं, तसंच अगदी.

महिना आधी, तारीख मग

आईला मी पहिल्यांदा नेलं ते जूनमध्ये, आणि ती फेरी वाया गेली. फेऱ्या साधारण साडेसात-आठला सुरू होतात. जूनच्या शेवटी यॉर्कला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. गाईड खुनाची गोष्ट सांगतोय, समोर लख्ख ऊन, शेजारच्या बाकावर पोरं आइस्क्रीम खातायत. आई म्हणाली, ‘अगं, दिवेलागणसुद्धा झाली नाही, आत्ता कुठली भुतं?’

म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचे दिवस धरा. अंधार वेळेवर पडतो आणि थंडी अजून सोसण्याजोगी असते. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. तेव्हा हॅलोविन असतं, घोळक्यात मागे उभं राहिलं तर गाईडचा एक शब्द ऐकू येत नाही. दुसरा चांगला काळ मार्चचा. त्याचं कारण पुढे क्लिफर्ड्स टॉवर या बुरुजाबद्दल सांगताना येईल.

नदीचंही पाहावं लागतं. ऊझला पाणी येतं ते वरच्या यॉर्कशर डेल्सच्या डोंगरी खोऱ्यांतून. तिकडे जोरदार पाऊस झाला की यॉर्कमध्ये आभाळ निरभ्र असलं तरी नंतर नदी चढते आणि किंग्ज स्टेथ हा धक्का पाण्याखाली जातो. नोव्हेंबर २००० मध्ये ऊझ नेहमीच्या पातळीच्या पाच मीटर चाळीस सेंटिमीटर वर गेली होती. तुमची फेरी नदीकाठून सुरू होणारी असेल तर आधीच्या दोन दिवसांचा डेल्सचा पाऊस बघा आणि शंका वाटली तर निघण्याआधी चौकशी करा.

कुठली फेरी घ्यायची

फेऱ्या बऱ्याच आहेत. एक १९७३ पासून चालू आहे आणि जगातली पहिली भुतांची फेरी म्हणवते. ती ऊझ पुलाजवळच्या किंग्ज आर्म्स या पबापासून निघते. काही मिन्स्टरच्या, म्हणजे इथल्या महामंदिरासारख्या चर्चच्या, दारासमोरून निघतात, काही शॅम्बल्स या गल्लीतून. बसमधून फिरवणारीही एक आहे. बहुतेकांचा वेळ तास-सव्वा तास, चालणं दीड-दोन किलोमीटर. तिकीट साधारण दोन कॉफी आणि दोन केकच्या भावात बसतं.

निवडताना एकच पाहा: गाईड गोष्ट सांगणारा आहे की दचकवणारा. दोन्ही जण काळा कोट आणि उंच टोपी घालतात, त्यामुळे पोशाखावरून कळत नाही. आरक्षणाच्या वेळी सरळ विचारा, ‘मुलांसाठी विनोदी आहे की पारंपरिक?’ नणंदेच्या मुलांना विनोदी फेरी फार आवडली, गाईडने धाकट्याला पुढे बोलावून राजा केलं आणि लटकं मुंडकं उडवलं. आईला आणि मावशीला पारंपरिकच हवी. दुसरं विचारायचं ते गर्दीबद्दल. आठवड्यामधल्या दिवशी जा. सोमवारी-मंगळवारी दहा-पंधरा माणसं असतात, शनिवारी पन्नाससुद्धा होतात.

एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा: या बहुतेक फेऱ्या इमारतींच्या आत जात नाहीत. रस्त्यात, अंगणात, बोळात उभं राहून बाहेरून ऐकायचं असतं. मावशीला वाटलं होतं, आपण तळघरात उतरणार. ती हिरमुसली. ट्रेझरर्स हाउस या मिन्स्टरजवळच्या जुन्या घराच्या तळघराची वेगळी फेरी असते, ती त्या घराच्या उघडण्याच्या दिवसांत दिवसाच करायची.

एका फेरीचं मला अजून वाईट वाटतं. तिथल्या गाईडने क्लिफर्ड्स टॉवरच्या गोष्टीवर, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या हत्याकांडावर, विनोद केला आणि लोक हसले. मी पुन्हा त्या फेरीला कुणाला नेलं नाही. गोष्टीत थट्टा चालते, पण कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तो गाईड चांगला.

घरी आधी मराठीत

आता मुख्य भाग. ज्यांना इंग्रजी येत नाही, किंवा पुस्तकी येतं पण यॉर्कशरचा उच्चार कळत नाही, त्यांना फेरीत कानात कुजबुजून सांगत बसू नका. मी तसं केलं होतं. गाईड एक वाक्य बोलणार, मी आईच्या कानाशी अर्धं सांगणार, तोवर तो पुढच्या वाक्यावर, आणि आई, ‘अगं, मग सैनिकांचं काय झालं?’ पुढचे काका दोनदा मागे वळून बघायला लागले. शेवटी आम्ही दोघी घोळक्याच्या मागे पडलो.

त्यानंतर मी ठरवलं, गोष्टी आधीच सांगायच्या. दुपारी मटार सोलत बसलो होतो तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या, सावकाश, प्रश्नोत्तरांसकट. रात्री गाईड बोलायला लागला तेव्हा आईला शब्द कळले नाहीत, पण गोष्ट कुठवर आली ते त्याच्या हातवाऱ्यांवरून बरोबर कळत होतं. किल्ल्यावर पोवाडा ऐकताना प्रत्येक शब्द कुठे लागतो? पण अफझलखान कधी वाकला ते कळतंच.

सांगताना आपली भुतं मदतीला घ्या. आपल्याकडे भुतांची नावं इतकी नेमकी आहेत की एका शब्दात मृत्यूचं कारण कळतं. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, तो पिंपळावर. पाण्यात बुडून गेलेला कोकणात गिऱ्हा. वाट चुकवतो तो चकवा. धनावर जीव अडकलेला समंध. इंग्रजीत सगळ्यांना मिळून ‘घोस्ट’. म्हणून मी आईला विचारते, ‘ही कुठल्या जातीची म्हणशील?’ आणि तिथून गप्पा रंगतात. ट्रेझरर्स हाउस म्हणजे खजिनदाराचं घर म्हटल्यावर आई पटकन म्हणाली, ‘मग समंधच असणार.’ मी सांगितलं, मिन्स्टरचा खजिना राजाने काढून घेतला आणि १५४७ मध्ये खजिनदाराचं पदच बंद झालं. आई विचारात पडली. ‘खजिना गेला, खजिनदार गेला, मग राखायला राहिलं कोण?’

त्याचं उत्तर म्हणजे यॉर्कची सगळ्यांत गाजलेली गोष्ट, आणि ती नीट सांगितलीच पाहिजे.

१९५३ साल. हॅरी मार्टिनडेल नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, प्लंबरच्या हाताखाली शिकत होता. ट्रेझरर्स हाउसच्या तळघरात शिडीवर चढून घर गरम ठेवणारे नळ बसवायचं काम चाललं होतं. लांबून तुतारीसारखा आवाज यायला लागला. आवाज जवळ आला, आणि शिडीच्या कडेच्या भिंतीतून एक शिरस्त्राण बाहेर आलं. मग सैनिक. मग घोडा. हॅरी शिडीवरून पडला आणि सरपटत कोपऱ्यात गेला. एकामागून एक वीसएक सैनिक आले, थकलेले, मळलेले, कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांचे पाय गुडघ्यांच्या खाली दिसत नव्हते. तळघरात एका जागी जमीन खणून ठेवली होती. सैनिक त्या खड्ड्यापाशी आले तेव्हा त्यांचे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत चामड्याच्या पट्ट्या बांधलेले. तिथे खाली जुना रोमन रस्ता होता.

पोरगा धावत वर आला. वरच्या म्हाताऱ्या माणसाने त्याचा चेहरा बघितला आणि म्हणाला, तुला रोमन दिसले वाटतं. मित्र हसले म्हणून हॅरीने पुढची वीसएक वर्षं याची वाच्यता फारशी केली नाही. पुढे तो पोलिसात गेला. गोष्ट बाहेर आली तेव्हा जाणकारांनी हरकत घेतली की रोमनांच्या ढाली चौकोनी, याने पाहिल्या गोल. नंतर लक्षात आलं की रोमनांच्या साहाय्यक तुकड्यांकडे गोल ढाली असत.

हे ऐकून आईच्या हातातली मटाराची शेंग तशीच राहिली. म्हणाली, ‘म्हणजे त्यांचे पाय तुटलेले नव्हते. ते त्यांच्या रस्त्यानेच चालले होते. जमीन वर आली.’ इतक्या फेऱ्या करूनही मला हे इतक्या साध्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. रात्री गाईडने हाताची आडवी पट्टी गुडघ्याशी धरली तेव्हा आईने माझा दंड दाबला. तिला दुभाष्याची गरज उरली नव्हती.

दुसरी गोष्ट मार्गारेट क्लिथरो हिची. शॅम्बल्समध्ये खाटकाची बायको. राणी एलिझाबेथच्या काळात कॅथलिक पंथ पाळणं धोक्याचं झालं होतं, आणि ही बाई पाद्र्यांना घरात लपवायची. पकडली गेली. न्यायालयात तिने गुन्हा कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही, कारण खटला चालला असता तर तिच्या मुलांना साक्षीला उभं करून आईविरुद्ध बोलायला लावलं असतं. उत्तर द्यायला नकार देणाऱ्यासाठी त्या काळी शिक्षा ठरलेली होती. २५ मार्च १५८६ रोजी, ऊझ पुलावरच्या टोलघरात, तिच्या पाठीखाली टोकदार दगड ठेवून अंगावर दार टाकलं आणि त्या दारावर वजनं रचली. दार तिच्या स्वतःच्या घरचं होतं असं सांगतात. १९७० मध्ये पोपने तिला संत म्हणून घोषित केलं.

ही गोष्ट मुलांना सांगू नका. मोठ्यांना सांगताना मुलांसाठी गप्प राहिली हा भाग वगळू नका. गाईड पुष्कळदा वजनांचं वर्णन करतात आणि हे सोडून देतात.

तिसरी हलकीशी ठेवा. थॉमस पर्सी, नॉर्थंबरलंडचा सरदार, राणीविरुद्धच्या बंडात सामील झाला म्हणून १५७२ मध्ये यॉर्कच्या पेव्हमेंट चौकात त्याचं डोकं उडवलं आणि मिकलगेट बारवर टांगलं. ते कुणा हितचिंतकाने गुपचूप काढून गुडरमगेटच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात पुरलं, आणि धड त्याला शोधत थडग्यांमधून चाचपडत फिरतं, असं सांगतात. नणंदेच्या मोठ्या मुलाला ही पाठ आहे.

पुण्याचा माणूस असेल तर इथेच शनिवारवाड्याचा विषय निघतो, निघू द्या. नारायणराव पेशवेही हॅरीसारखे अठरा वर्षांचेच, ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी मारलं. ‘काका, मला वाचवा’ ही हाक पौर्णिमेला ऐकू येते असं आम्ही लहानपणी एकमेकांना सांगायचो, पण नारायण दरवाजाला ते नाव त्यांचा मृतदेह तिथून बाहेर नेला म्हणून पडलं हे मला पंचविशीत कळलं. रोज त्यावरून शाळेत गेले होते. यॉर्कमध्ये असं होऊ नये, म्हणून ही सगळी तयारी.

निघताना

बूट, सपाट आणि पकड असलेले. मिन्स्टरमागच्या चॅप्टर हाउस स्ट्रीटला गोट्यांची फरसबंदी आहे, पाऊस पडला की ती साबणासारखी होते. मामी मोज्यांवर चपला घालून आल्या होत्या. त्यांचा पाय मुरगळला आणि उरलेली फेरी त्यांनी एका पायरीवर बसून काढली. छत्री नको, टोपीचा रेनकोट घ्या. फेरी पावसातही होते, आणि छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना सांगा की बसायला मिळत नाही, सात-आठ ठिकाणी पाच-दहा मिनिटं उभं राहायचं आहे. मी आईसाठी घडीचं छोटं स्टूल नेते, पिशवीत मावतं. स्वच्छतागृहाला आधीच जाऊन घ्या, मध्ये सोय नाही. स्वेटर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा एक जास्त. नदीवरचा वारा मफलरीतून आत येतो.

जेवण फेरीच्या आधी. साडेनऊनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. मी डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी नेतेच.

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा आणि गाईडला सांगा की सोबत वडीलधारी माणसं आहेत. चांगला गाईड त्यांना पुढे घेतो. त्याच्या अगदी समोर मात्र उभे राहू नका, लाजरं माणूस असेल तर नाहीच, कारण प्रयोगासाठी हात धरून ओढतात ते पहिल्या रांगेतल्यांना. दुसऱ्या रांगेत, पाठीशी भिंत ठेवून उभं राहणं सगळ्यांत बरं. भिंतीमुळे वारा अडतो आणि आवाज परत येतो.

गाईड सांगतो त्यातलं काही बरोबर नसतं, हेही धरून चाला. घोडेस्वार दरोडेखोर डिक टर्पिन एका दिवसात लंडनहून यॉर्कला दौडत आला, असं ऐकवलं तर ती दौड टर्पिनची नव्हे. ती आख्यायिका त्याच्या आधीच्या नेव्हिसन नावाच्या दरोडेखोराची होती, पुढे याच्या नावावर चढली. टर्पिनला यॉर्कमध्ये फाशी झाली हे मात्र खरं, ७ एप्रिल १७३९ ला, नेव्हस्मायरच्या मैदानावर. मध्येच टोकू नका. शेवटी बाजूला घेऊन विचारा, ‘यातलं लिहून ठेवलेलं किती आणि सांगोवांगीचं किती?’ मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारते. चांगल्या गाईडचा चेहरा त्याने उजळतो. एकाने मला त्यावर वीस मिनिटं थांबून सांगितलं, टोपी काखेत धरून, फेरी संपल्यावर, भर थंडीत.

रात्री झोपताना कुणी घाबरलं तर त्याला हसू नका. आईने हॉटेलच्या खोलीत पाय धुतले आणि रामरक्षा म्हटली, मीही तिच्याबरोबर म्हटली.

सकाळी

तिसरा टप्पा सकाळचा, म्हणून एक रात्र यॉर्कमध्येच राहा. लीड्सहून गाडीने पंचवीस मिनिटंच लागतात आणि लंडनहून दोन तास, त्यामुळे लोक रात्रीच परततात आणि सकाळ हुकते.

नऊला शॅम्बल्समध्ये जा, दुकानं उघडायच्या आत. खिडक्यांखालच्या रुंद फळ्या नीट पाहा, त्यांवर मांस मांडत असत. वरचे मजले इतके पुढे आले आहेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल. ३५ नंबरला मार्गारेटच्या स्मरणार्थ छोटी प्रार्थनेची जागा आहे. आत चार-सहा बाकडी आणि मेणबत्त्या. तिचं खरं घर बहुधा समोरच्या बाजूला होतं असं आता मानतात, पण आईला त्याने काही फरक पडला नाही. ती चपला काढून आत गेली. तिथून चालत ऊझ पुलावर या. आजचा पूल एकोणिसाव्या शतकातला, ते टोलघर कधीच गेलं, पण पुलाच्या टोकाशी तिच्या नावाची पाटी आहे. मिकलगेट बारच्या बाहेर बार कॉन्व्हेंट आहे, तिथे तिचा हात जपून ठेवला आहे. तो पाहायचा की नाही ते सोबतच्या माणसाला विचारून ठरवा. मावशीने पाहिला, आईने नको म्हटलं.

होली ट्रिनिटी चर्च गुडरमगेटवरच्या छोट्या दारातून आत गेल्यावर सापडतं. दार लक्ष ठेवून शोधावं लागतं. आत वीज नाही. बाकांना चारी बाजूंनी लाकडी पेट्यांसारखे कठडे आहेत आणि जमीन वर-खाली झाली आहे. तिथे दहा मिनिटं नुसतं बसा.

मार्च असेल तर क्लिफर्ड्स टॉवर सोडू नका. नॉर्मन किल्ल्याच्या टेकाडावर आज दगडी बुरूज आहे तिथे ११९० मध्ये लाकडी होता. त्या वर्षी १६ मार्चला, गावच्या जमावापासून जीव वाचवायला त्यात शिरलेले सुमारे दीडशे ज्यू स्त्री-पुरुष आणि मुलं एका रात्रीत संपली. बहुतेकांनी जमावाच्या हाती पडण्याऐवजी स्वतः मरण पत्करलं, बुरुजाला आग लागली, आणि सकाळी शरण येऊन बाहेर पडलेल्यांनाही मारून टाकलं. टेकाडाच्या उतारावर त्यांच्या आठवणीत डॅफोडिलची फुलं लावली आहेत, सहा पाकळ्यांची, ज्यूंच्या सहा कोनांच्या ताऱ्यासारखी. ती नेमकी त्याच दिवसांत फुलतात. इथे भुताची गोष्ट सांगू नका. पायथ्याची पाटी मोठ्याने मराठीत वाचून दाखवा.

टर्पिनचं थडगं सेंट जॉर्ज चर्चसमोरच्या आवारात आहे, मुलांना ते आवडतं. वेळ कमी असेल तर वगळा.

शेवटी किंग्ज आर्म्सला या, पब उघडायच्या वेळी. दारू घ्यायची नसली तरी चालतं, चहा-कॉफीचं विचारा. आत पुराच्या पाण्याच्या पातळ्या वर्षांसकट दाखवणारी पट्टी आहे. मी आईला २००० ची खूण दाखवली, ती तिच्या डोक्याच्या वर होती. आई बराच वेळ बघत राहिली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, नदीपासून दोन आळ्या आत राहणारी. मग तिने पर्स माझ्या हातात दिली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तळहात आडवा करून कपाळाच्या वर धरला. ‘आमच्या वाड्यात इथवर,’ म्हणाली. ‘गोखल्यांच्या जिन्यावर अजून रेघ असेल बघ.’